जळूचं बी

ताईंच्या लॅबमध्ये त्या तणाला सगळे 'जळू' म्हणत. परदेशी बियाण्याच्या पोत्यांतून आलेलं हे ऐतखाऊ तण पिकाच्या मुळाला चिकटून नुसतं पीत बसे. धुळीएवढं बी वर्षानुवर्षं मातीत झोपून राही आणि जिवंत मुळाचा वास लागला तरच जागं होई. त्याला फसवण्यात ताईंचा अर्धा जन्म गेला होता. रिकाम्या शेतात मुळांचा अर्क फवारायचा, बी हुरळून उगवतं आणि पाजायला कोणी नसल्यामुळे चार दिवसांत मरतं.

दुपारी धाकटी बहीण डबा घेऊन आली. दोनदा गर्भ पडल्यावर आता कुठे सातवा महिना लागला होता, पण तिला घरी बसवणं कोणाच्या बापाला जमत नव्हतं.

"जेव आधी, ताई. तुझी जळू कुठे पळून जात नाही," खिडकीजवळच्या स्टुलावर टेकत ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीजवळच्या चाचणीच्या बश्यांमधलं बी उगवलं होतं. त्यांत अर्क नव्हता, नुसतं पाणी होतं. ताईंनी मदतनीस बाईंना फैलावर घेतलं.

"शपथ घेऊन सांगते मॅडम, अर्काच्या बाटलीला हातसुद्धा लावला नाही."

ताईंनी स्वतः नव्या बश्या मांडल्या, झाकणांना चिकटपट्टी लावली. त्या दुपारी बहीण दाराजवळच्या खुर्चीवर बसली. दुसऱ्या दिवशी दाराजवळच्याच बश्या उगवल्या. पांढरे कोंब एकाच बाजूला वळले होते. त्यांच्या रोखाने पाहिलं तर समोर ती रिकामी खुर्ची.

ताईंनी लगेच बहिणीला फोन लावला.

"उद्यापासून इकडे फिरकायचं नाही."

"अगं, पण का?"

"मी सांगते म्हणून."

आता कोंब वाळायला हवे होते. उलट ते जाडजूड झाले, गुलाबी झाले. आठवड्याने डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाची वाढ थांबली आहे, कारण कळत नाही.

ताईंना मात्र कळलं. कोणाला सांगणार, आणि काय म्हणून?

त्या तडक लॅबमध्ये आल्या. एकच बशी ठेवून बाकीच्या भट्टीत टाकल्या. तिच्यातला कोंब सगळ्यांत मोठा होता.

तीही टाकायला उचलली, तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, काळजी करू नकोस गं," बहीण हसत होती. "सकाळपर्यंत लाथांनी हैराण केलं होतं. आत्ता एकदम शहाण्यासारखं गप्प झालंय."

भट्टीचं दार उघडंच होतं.

ताईंच्या हातातल्या बशीच्या झाकणावर आतून हळूच लाथ बसली.