चार ते पाचचा तास

रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला ऐकीव गोष्टींचं वावडं असतं. छकीच्या आईलाही होतं. नळीत दिसेल ते खरं, बाकी सगळ्या बाता. म्हणूनच सहामाहीत छकीला गणितात चाळीसपैकी सात मिळाले तेव्हा तिने नशिबाला बोल लावला नाही. रजा टाकली आणि तडक हायस्कूल गाठलं.

"पोरगी मठ्ठ नाही हो," वर्गशिक्षिका म्हणाल्या. "पाया कच्चा राहिलाय. अशा मुलांसाठी आम्ही शाळा सुटल्यावर चार ते पाच जादा तास घेतो, दुसऱ्या मजल्यावर, शेवटच्या खोलीत. ते आमच्यावर सोडा. तुम्ही फक्त घरी रागावू नका. रोज अर्धा तास शेजारी बसा."

आईने शब्द पाळला. संध्याकाळी टीव्ही बंद, फोन कपाटात. छकी चुकली तरी आई आवाज चढवायची नाही. दर शनिवारी प्रगतिवहीत 'उपस्थित, सुधारणा आहे' असा शेरा यायचा आणि आई समाधानाने खाली सही करायची.

सुधारणा खरंच होती. अपूर्णांक दिसला की जी वही बाजूला सारायची, ती पोर आता भराभर समीकरणं सोडवायची. फक्त उत्तर लिहिण्याआधी क्षणभर थांबायची, कुणी कानात सांगतंय आणि आपण ऐकतोय अशी.

"कोण शिकवतं गं?"

"बाई."

"कुठल्या?"

"वरच्या."

पुढच्या चाचणीत अडतीस मिळाले. आई आभार मानायला साडेचारला शाळेत गेली, तर वर्गशिक्षिकांचा चेहरा खर्रकन उतरला.

"अहो, तो तास सुरूच झाला नाही. शिकवायला कुणी मिळालं नाही. वरून अहवाल मागतात, म्हणून शेरे लिहीत गेले. मला वाटलं, छकी घरी जात असेल."

दर शनिवारी ज्या ओळीखाली ती विश्वासाने सही करत होती, ती ओळ बसल्या जागी खरडलेली होती.

"तुमच्या भरवशावर सोडली होती मी तिला," ती म्हणाली. "दोन महिने रोज तासभर माझी मुलगी होती कुठे?"

वर्गशिक्षिकांनी शिपायाला हाक मारली आणि तिघं जिना चढली.

शेवटच्या खोलीला गंजलेलं कुलूप होतं. किल्ली फिरवता फिरवता शिपाई घामाघूम झाला. आतून छकीचा आवाज येत होता. गणिताची एकेक पायरी म्हणून दाखवत होती. मध्येच थांबायची. मग म्हणायची, "हो बाई."

दार उघडलं.

मोडक्या बाकांचा ढीग. जमिनीवर बोटभर धूळ, आणि त्या धुळीत दारापासून बाकापर्यंत एकाच जोडीच्या बुटांचे ठसे. छकीच्या. फळा कधीच काढून नेलेला होता. भिंतीवर त्याचा फिकट चौकोन तेवढा उरला होता.

छकी त्या चौकोनाकडे बघून वहीत उतरवून घेत होती.

आईने तिचं मनगट धरलं.

"आई, तास संपला नाहीये."

"इथे कुणी नाहीये, बाळा."

छकीने तिच्याकडे पाहिलं. आपल्याच माणसाने दगा दिल्यावर पाहावं तसं.

"तूच पाठवलंस ना? बाई म्हणाल्याच होत्या. मार्क मिळाले की तुझी आई येईल आणि ओढून नेईल. सगळ्यांच्या आया तेच करतात."

"सगळ्यांच्या? कुणाकुणाच्या?"

छकीने वही मिटली.

आईने तिची शाळा बदलली. कामाची पाळी बदलून घेतली आणि चार ते पाच ती स्वतःच दिवाणावर छकीला शिकवायला बसू लागली. आई सांगेल ते छकी मुकाट्याने करायची. गुण पुन्हा घसरले. आई रागावली नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका गणितात आईचीच पायरी चुकली. ती खोडरबर शोधू लागली. छकी हळूच भिंतीकडे सरकली आणि दोघींच्या मध्ये एका माणसापुरती जागा केली.

"बसा," ती म्हणाली.