सॉरमच्या हॉलमधली हजेरी

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पण यातला एक शब्दही पदरचा नाही. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो डेल्मर टॉफ्टे आजही सॉरममध्येच राहतो. त्याची मेहुणी बेव्ह तेव्हा तिथेच होती. तिला विचारलंत तर ती विषय बदलते.

अकरा नोव्हेंबरची संध्याकाळ होती. अमेरिकेत, उत्तर मिनेसोटात त्या दिवसांत पाचच्या सुमारालाच अंधार पडतो.

जागा म्हणजे माजी सैनिकांचा जुना हॉल.

अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिणेतल्या यादवी लढाईतून जिवंत परतलेल्यांनी तो बांधला. लाल विटांचा, वर किल्ल्यासारखे दोन लहान बुरूज. खाली जेवणघर आणि स्वयंपाकघर. वर सभेची मोठी खोली. मधोमध वेदी, चारही भिंतींशी एकेक उंच खुर्ची. खिडक्या इतक्या वर की बाहेरून कुणाला डोकावता येऊ नये. छपराला नक्षीचा पत्रा आहे, त्यामुळे वेदीपाशी कुणी हळू बोललं तरी दारापाशी स्पष्ट ऐकू येतं.

आणि दारं दोन. आतलं आणि बाहेरचं. मध्ये एक माणूस उभा राहील एवढीच जागा. आतल्या दाराला डोळ्याच्या उंचीवर भोक, त्यावर पितळी झाकण.

एवढं सगळं त्या लोकांनी का केलं, ते वर्षातून एकदाच कळायचं.

त्या संध्याकाळी वर्षभरात गेलेल्यांची हजेरी व्हायची. कमांडर प्रत्येकाचं नाव तीनदा पुकारायचा. कुणी ओ द्यायची नाही. खोकायचंसुद्धा नाही. तिसऱ्यांदाही उत्तर आलं नाही की पहारेकरी दोन्ही दारं उघडायचा, थोडं थांबायचा आणि पुन्हा लावून घ्यायचा. माणूस सुटला.

पहारेकरी होता डेल्मर. कितीतरी वर्षं तेच काम. आणि त्या वर्षीच्या नावांत त्याच्या बायकोचं नाव होतं.

आर्डिस. ती व्हिएतनाममध्ये सैन्याची नर्स होती. बाकीच्या बायका स्वयंपाकघराच्या जिन्याने वर यायच्या, सैनिकांच्या बायका म्हणून. आर्डिस पुढच्या जिन्याने यायची, सैनिक म्हणून. तिचा डावा गुडघा वाकत नसे. एक पाऊल जड पडायचं, दुसरं घासत यायचं. डोळे मिटूनही कुणी सांगितलं असतं, आर्डिस आली.

ऑगस्टमध्ये ती गेली. शेवटचे आठ-दहा दिवस एकच म्हणत होती, "आता मला जाऊ दे, डेल."

डेल्मर दर वेळी म्हणायचा, "उद्या बघू."

कमांडर ऑर्लिन बक्के कोरियाच्या लढाईतला, चौऱ्याऐंशी वर्षांचा. त्याने डेल्मरला बाजूला घेऊन विचारलं होतं, आज दारावर दुसऱ्या कुणाला उभं करू का? डेल्मर नको म्हणाला. तिचं दार मीच उघडणार.

ऑर्लिनने नाव पुकारलं. "आर्डिस टॉफ्टे."

शांतता.

"आर्डिस टॉफ्टे."

डेल्मरचा हात कडीवर होता. हे दार उघडलं की ती खरंच जाणार... इतकंच त्याच्या मनात आलं.

"आर्डिस टॉफ्टे."

"हजर," डेल्मर म्हणाला.

कुणी हललं नाही. ऑर्लिनने त्याच्याकडे पाहिलं, खूप वेळ. मग पुढचं नाव न घेताच सभा संपवली.

खाली कॉफी झाली, हॅमचे सँडविच झाले. कुणी त्या गोष्टीचं नाव काढेना. बेव्ह लेफ्शांना, बटाट्याच्या पातळ पोळ्यांना, लोणी लावत होती. ती आर्डिसची धाकटी बहीण, हॉलचं स्वयंपाकघर तीच सांभाळायची. ताटली त्याच्यासमोर आदळून म्हणाली, "आयुष्यभर तिच्या आधी बोलायची खोड. आता मेल्यावरही तिच्या वतीने तूच बोललास."

डेल्मरने ताटली बाजूला सारली.

सगळे गेल्यावर तो कुलूप लावायला वर गेला. दिवा मालवला. आणि...

जिन्यावर एक जड पाऊल.

मग एक घासत आलेलं.

डेल्मर घाबरला नाही. उलट भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. तीन महिन्यांनी ती आली होती.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज दुपारी हॉलवर जाऊ लागला. थर्मासमध्ये कॉफी, दोन पेले. वेदीजवळ बसून तो तिला काय काय सांगायचा. शेजाऱ्याने नवा ट्रॅक्टर घेतला, तळ्यावर बर्फ धरलं, तुझ्या जिरेनियमच्या कुंड्या तळघरात ठेवल्या. मग पावलं यायची. तिच्या हाताच्या मलमाचा बदामी वास यायचा.

पण ती त्याच्याकडे कधी यायची नाही.

हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. पावलं खुर्चीपाशी थांबत नव्हती. वेदीपाशीही नाही. खोलीभर फिरून ती एकाच ठिकाणी जायची...

दारापाशी.

मग पितळी झाकण उचललं जायचं. कुणीतरी बाहेर पाहतंय तसं. मग पडायचं.

पुन्हा उचललं जायचं. पुन्हा पडायचं.

एका दुपारी डेल्मरने उठून दोन्ही दारं सताड उघडली. "जा. जायचंय ना तुला? जा ग."

पावलं उंबऱ्यापर्यंत आली. थांबली. आणि परत फिरली. जड... घासत... जड... घासत.

त्या दुपारी खाली बेव्ह भांडी घासत होती. ती वर आली. हात ओलेच होते.

"रोज ऐकते मी," ती म्हणाली. "तुला वाटतं ती तुला भेटायला येते. तिला बाहेर जायचंय, डेल्मर. तू तिला हजर म्हणून सांगितलंस. हजर माणूस सभा सोडून कसा जाईल?"

डेल्मर तसाच ऑर्लिनच्या घरी गेला. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं. असं आधी कुणी केलेलं नाही, म्हणून उपायही कुणाला ठाऊक नाही, म्हणाला. मग कोट चढवला.

"पुन्हा पुकारू. पण या वेळी तोंड बंद ठेवशील?"

"ठेवीन."

"मागच्या वेळीही तुझ्यावर विश्वास ठेवला होता मी."

"तुम्हाला हवं तर माझं तोंड बांधा," डेल्मर म्हणाला.

रविवारी दुपारी तिघंच हॉलमध्ये जमले. बाहेर बर्फ पडत होतं. ऑर्लिन आपल्या उंच खुर्चीत. बेव्ह भिंतीशी. डेल्मर दारापाशी. त्याने गळ्यातला मफलर काढला, त्याचा बोळा केला आणि दातांत गच्च धरला.

"आर्डिस टॉफ्टे."

शांतता. वरच्या काचांवर बर्फ आपटत होतं.

"आर्डिस टॉफ्टे."

वेदीजवळ पाऊल वाजलं. जड... घासत... ती दाराकडे निघाली. बदामी वास डेल्मरच्या अगदी जवळ आला. इतका जवळ, की हात पुढे केला असता तर...

त्याने हात पुढे केला नाही. कडी धरली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण दात उघडले नाहीत.

"आर्डिस टॉफ्टे."

शांतता.

एक श्वास. दोन श्वास. डेल्मरने कडी उचलली...

"हजर."

आवाज दारातून आला. अगदी स्पष्ट.

डेल्मरचाच आवाज.

बेव्ह त्याच्याकडेच पाहत होती. त्याच्या तोंडात मफलर होता. ओठ हललेसुद्धा नव्हते.

पावलं थांबली. मग हळूहळू परत फिरली.

ऑर्लिनने पुन्हा पुकारलं. तीनही वेळा पुकारलं. पुन्हा तेच उत्तर. आणखी एकदा. या वेळी नाव पुरतं व्हायच्या आतच उत्तर आलं. घाईघाईने आलं. कुणी तिला नेईल की काय, या भीतीने यावं तसं.

मग ऑर्लिनने टोपी काढून मांडीवर ठेवली. "मला उतरवा खाली," एवढंच म्हणाला.

वसंतात ऑर्लिन गेला. नोव्हेंबरात त्याचं नाव खालच्या जेवणघरात पुकारलं, टेबलं बाजूला सारून. वर हजेरी घ्यायची नाही असं ठरलं. कारण नवीन लोकांना सांगितलेलं नाही.

डेल्मर आता वर जात नाही. मफलर त्याने तिथेच टांगला, तो अजून खुंटीवर आहे. एकदा बेव्हला तो म्हणाला, "मी गेलो की माझं नावसुद्धा खालीच पुकारा. वर नको."

"का?"

"वर पुकारलंत तर मलाही तो जाऊ देणार नाही."

बेव्हने तो कोण, असं विचारलं नाही.

ती अजून त्या स्वयंपाकघरात काम करते. रेडिओ मोठ्याने लावून. तरी रोज दुपारी एकदा ती तो बंद करते. बहीण आहे ती तिची.

वर छपराखाली पावलं फिरतात. जड... घासत... जड... घासत...

दारापर्यंत जातात.

आणि झाकण उचललं जातं.