येलहंका पाच कोस

शनिवारी सकाळी जमनाबाई राजाजीनगरात क्षमाच्या दारात उभी राहिली, तेव्हा क्षमा एका उपवर इंजिनिअरच्या चौकशीचा अहवाल लिहीत होती. शहाण्णव साली बंगळुरात खाजगी गुप्तहेराचं पोट अशा मुलांवरच चालायचं. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू सुशांत, पुण्याहून सॉफ्टवेअरसाठी आलेला, तिचं वर्तमानपत्र फुकट वाचत बसला होता.

"अक्का, दगड गेला," जमनाबाई म्हणाली.

दगड म्हणजे चामराजपेटेत तिच्या दारापुढचा, साडेतीनशे वर्षांचा, कमरेइतका मैलाचा दगड. 'येलहंका पाच कोस' असं त्यावर कोरलेलं. रस्ता रुंद होणार होता. सरळ गेला तर तिचं पुढचं स्वयंपाकघर पडणार, आणि तिथल्या पुरणपोळ्यांवर तर घर चालायचं. आज चार वाजता पुरातत्त्व खात्याचे साहेब येऊन दगडाची नोंद करणार होते. नोंद झाली की दगडाला नवा चौथरा, आणि रस्ता समोरच्या गुंडोच्या हार्डवेअरच्या दुकानाच्या पायऱ्यांवरून वळणार. तीन दिवस जमनाबाई लेकीला घेऊन बहिणीकडे गेली होती. सकाळी परतली तर दारात खड्डा.

"गुंडोच," सुशांतने जागेवरूनच निकाल दिला.

तिघं चामराजपेटेत पोचली, तेव्हा गुंडो दुकानाबाहेर जाड, अजून ओलसर दोरखंड वाळत घालत होता. हवा आठ दिवस कोरडी होती. मी चोरला नाही, देवाशपथ, असं तो न विचारताच म्हणाला. सुशांतला हा कबुलीजबाबच वाटला.

समोर जमनाबाईच्या घरी तिचे सासरे आप्पाजी अंगणात चटई टाकून जपमाळ ओढत होते. त्यांचं मौन होतं. ते अधूनमधून मौन धरत. घरच्यांना त्याची सवय होती, थोडी आवडही.

"आप्पाजी, चोरी झाली का?" क्षमाने विचारलं.

त्यांनी ठामपणे मान हलवली. नाही.

म्हाताऱ्याला काही ठाऊक नाही, असं सुशांतने वहीत टिपलं.

कॉफीला वेळ लागला. लेक सौम्या शेजारून घागर आणत होती, कारण आप्पाजी संपाजवळून हलत नव्हते. इकडे जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीला संप म्हणतात. पुण्यात संप झाला की पाणी बंद, इथे संप असला की पाणी मिळतं, हे सुशांतला अजून पचलं नव्हतं. संपाच्या झाकणाभोवती ताजी रांगोळी होती.

साडेतीनला क्षमाने गुंडोलाही अंगणात बोलावलं.

"चोरी झालीच नाही. आप्पाजींनी ते स्पष्ट सांगितलं, आपण ऐकलं नाही. घरात संप असून शेजारून घागर येते, म्हणजे घरचं पाणी वापरायचं नाही. कोरड्या हवेत दोरखंड ओला, म्हणजे तो पाण्यात उतरलाय. आणि पाणी घाण झालं म्हणावं, तर घाण पाण्याभोवती कुणी रांगोळी काढत नाही." तिने झाकण सरकवलं.

स्वच्छ पाण्यात दगड निवांत पडला होता. वर झेंडू तरंगत होता.

"चौथऱ्यावर बसवायची मूर्ती आधी तीन दिवस पाण्यात ठेवतात," क्षमा म्हणाली. "दगडाला चौथरा मिळणार म्हटल्यावर आप्पाजींनी त्यालाही तोच मान दिला."

आप्पाजी प्रसन्न हसले. अखेर कुणाला तरी शास्त्र कळत होतं.

"आणि तू उतरवायला मदत केलीस?" जमनाबाईने गुंडोला विचारलं.

"म्हाताऱ्यानं हात जोडले, अक्का. दुकानातले हमाल लावले. देवाच्या कामाला नाही कसं म्हणू?" गुंडो जरा ओशाळला. "पण चार वाजेपर्यंत स्वल्प गप्प बसणार होतो. माझ्याही पायऱ्या आहेत."

दगड वर काढायला सुशांतने बाह्या सरसावल्या, तर आप्पाजी सरळ संपाच्या कडेवर येऊन बसले. तीन दिवस उद्या सूर्योदयाला भरत होते. घड्याळात चार वाजले. जमनाबाईने स्वयंपाकघराकडे एकदा पाहून घेतलं.

साहेब, रविकिरण, आले. क्षमाने सगळं सांगितलं. त्यांनी बूट काढले, वाकून अक्षरं वाचली, नमस्कार केला आणि बाहेर जाऊन खड्डा मोजला.

"आज काढूच नका," ते कन्नड वळणाच्या मराठीत म्हणाले. "मी लिहितो, दगड आहे, जागा पक्की. उद्या सकाळी बसवताना सही करतो. बायकोला आणलं तर चालेल ना?"

जमनाबाईने लगेच डाळ भिजत घातली, शेजारच्याच पाण्यात.

रविवारी दगड वर काढायला चार माणसं लागणार होती. गुंडो दोरखंड घेऊन सगळ्यांच्या आधी आला.