मिनिटाला चौऱ्याऐंशी

त्याला घरी आणि कामावरही सगळे थंडोबाच म्हणत. घरातलं नाव थोरल्या बहिणीने ठेवलेलं. तो सात वर्षांचा असताना स्वयंपाकघरातल्या पडद्याने पेट घेतला, तेव्हा ह्या पठ्ठ्याने आधी उतू चाललेलं दूध उतरवून ठेवलं आणि मग सावकाश हाक मारली, ‘‘कोणी येतंय का, आग लागलीय.’’ कामावर ते नाव आपोआप पडलं, कारण त्याचं कामच थंडीचं होतं.

प्रयोगशाळेच्या तिसऱ्या मजल्यावर एक क्वांटम संगणक होता. दिसायला अगदीच साधा: छतापासून टांगलेला, माणसाच्या उंचीचा पांढरा पिंप. आत एकात एक बसवलेली भांडी आणि सगळ्यांत आत, नखाएवढी एक चकती. ती चकती चालायला जी थंडी लागते ती पृथ्वीवर कुठेच पडत नाही, तयार करावी लागते. बघायला येणारे पाहुणे घाबरत घाबरत पिंपाला बोट लावत आणि हिरमुसत. बाहेरून तो ना गार ना गरम, टेबलाला हात लावल्यासारखा. ‘‘थंडी आत असते,’’ थंडोबा सांगायचा. ‘‘बाहेर आली तर माझी नोकरी जाईल.’’

थंडी करणारा कॉम्प्रेसर शेजारच्या खोलीत होता. त्याच्या दाबाने पिंपाच्या माथ्यावर एक ठोका पडत राही: ठक्-हुस्स, ठक्-हुस्स. मिनिटाला चौऱ्याऐंशी. मोटरच तशी होती, त्यात त्र्याऐंशी नाही की पंच्याऐंशी नाही. कॉम्प्रेसर बंद तर ठोका बंद, इतका सरळ हिशेब. कॉम्प्रेसरच्या दारावर थंडोबाने स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात देखभालीचं कार्ड लावलं होतं. दर तीन वर्षांनी तेलाची गाळणी बदलायची, त्यासाठी सगळं दोन दिवस बंद ठेवायचं. पुढची तारीख अजून दोन वर्षांहून लांब होती.

ताई ह्या सगळ्यात आली ती त्याचा विसरलेला चष्मा द्यायला. पस्तीस वर्षं शाळेत मुलांना संगीत शिकवून निवृत्त झालेली बाई. आयुष्यभर रचना लिहिल्या, दोन पेट्या भरल्या, पण वाजवल्या कोणीच नाहीत. दारात उभी राहून तिने कान टवकारले.

‘‘हा ठेका कोण धरतंय?’’

‘‘पंप.’’

‘‘आमच्या पोरांना पस्तीस वर्षांत जमला नाही तो,’’ ताई म्हणाली आणि चष्मा हातातच ठेवून आत शिरली. थंडोबाला त्या दिवशी चष्म्याशिवायच काम करावं लागलं.

त्यानंतर दोन वर्षं ती येतच राहिली. संगणक चालवणारा गणिती स्वभावाने गरीब होता. त्याने आधी कौतुकाने शिकवलं, मग नाइलाजाने, आणि शेवटी तिच्याकडूनच शिकायला लागला. यंत्रातला एकेक क्यूबिट, म्हणजे त्याच्या हिशेबाचा सगळ्यांत लहान घटक, हा तिचा एकेक सूर. मोजेपर्यंत तो सूर वरही असतो आणि खालीही. मोजला की एकीकडे पडतो. तो किती आणि कुठे कलता ठेवायचा, एवढंच ताई लिहायची. आणि सूर एकमेकांत गुंतवायची. गुंतवलेल्या दोघांपैकी एक जसा पडेल तसा दुसराही पडायचा, मध्ये ना तार ना दोरी. यंत्राने दिलेलं उत्तर तळमजल्यावरच्या सभागृहातल्या पियानोकडे जायचं आणि त्याच्या पट्ट्या आपोआप दबायच्या. एकच रचना दहा वेळा वाजवली तर दहा वेगवेगळी गाणी, आणि तरी दहाही ताईचीच.

‘‘पण एकाचं दुसऱ्याला कळतं कसं?’’ थंडोबाने एकदा विचारलं.

‘‘मला नको विचारूस, गणितीला विचार.’’

‘‘मलाही नका विचारू,’’ गणिती म्हणाला. ‘‘गणिताला विचारा. ते सुटतं, म्हणून आम्ही गप्प बसतो.’’

ठोका मात्र ताईने सोडला नाही. इतर लोक तो आवाज लपवायला धडपडत. हिने पिंपाला माइक लावून तो थेट सभागृहात नेला. तिच्या सगळ्या रचना त्या चौऱ्याऐंशीवर बांधलेल्या होत्या.

आणि मग संचालकबाईंनी सांगितलं की यंत्र जुनं झालं, नवं येतंय. सोमवारी सकाळी दहाला हे बंद करून उघडायचं आणि भाग सुटे करायचे. ताईला हवा तर शनिवारी दुपारी चारला एक कार्यक्रम करता येईल. एकच.

‘‘दुसऱ्या यंत्रावर नाही का वाजवता येणार?’’ थंडोबाने विचारलं.

‘‘ह्याच्या खोड्या बघून शिवलेलं आहे रे सगळं. दुसऱ्याच्या अंगाला नाही बसणार.’’ ती हसली, पण हसू काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. ‘‘त्रेसष्टाव्या वर्षी पहिला कार्यक्रम, आणि सोमवारी वाद्य भंगारात. निदान शनिवारी तरी चालू ठेव बाबा. तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही मी.’’

हे काही खरं नव्हतं, ती लहानपणापासून मागतच आली होती. पण थंडोबाने मान डोलावली.

तालमींमध्ये दोन गोष्टी घडल्या. पहिली गणितीच्या लक्षात आली. रचना शेवटी मूळ सुरावर येऊन थांबण्याची शक्यता शंभरात साठ होती, पण एकोणीस तालमींत ती एकोणीस वेळा तिथेच थांबली. ‘‘होतं असं कधी कधी,’’ गणिती म्हणाला, आणि तो दिवसभर कागदावर आकडेमोड करत बसला.

दुसरी थंडोबाच्या लक्षात आली. लिफ्ट नादुरुस्त होती, म्हणून ताई तीन जिने चढून धापा टाकत आली आणि नेहमीप्रमाणे पिंपाला कान लावून उभी राहिली. ‘‘आज हा घाईत आहे,’’ ती म्हणाली. थंडोबाने उगाच तिचं मन राखायला घड्याळ लावून ठोके मोजले. शहाण्णव भरले. ताई खुर्चीत टेकली, पाणी प्यायली. त्याने पुन्हा मोजले. चौऱ्याऐंशी. संध्याकाळी घरी जाताना त्याने घड्याळाचा सेल बदलून घेतला. नोंदवहीत मात्र काही लिहिलं नाही, आणि हे त्याच्या नोकरीत पहिल्यांदाच होत होतं.

शनिवारी सभागृहात दोनशे खुर्च्या मांडल्या होत्या. चाळीस भरल्या तरी पुष्कळ, असं ताई सकाळपासून घोकत होती. पावणेचारला भिंतीला टेकून लोक उभे राहायला लागले. तिचे विद्यार्थी होते ते सगळे, आता डोक्यावरचे केस उडालेले आणि चाळिशी लागलेले. ‘‘बाई, मला वर्गाबाहेर काढलं होतं तुम्ही,’’ एकजण अभिमानाने सांगत होता.

पहिली रचना संपली तेव्हा टाळ्यांनी छत दणाणलं. मागच्या दाराशी उभ्या थंडोबाने रुमालाने नाक पुसलं. दुसरी सुरू झाली आणि त्याच्या खिशातला फोन थरथरला. वरून इशारा होता: पाणी बंद. तो जिने चढून कॉम्प्रेसरच्या खोलीत पोचला.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते काही खोटं नाही. कॉम्प्रेसर थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाला त्याच्या मोटरशी जोडणारं कपलिंग मधोमध तुटलं होतं. नवं मिळणार ते पलीकडच्या इमारतीतल्या कोठारात, आणि कोठाराची किल्ली घेऊन माणूस यायला तास लागणार. कॉम्प्रेसर तापून स्वतःहून बंद पडला होता. खोलीत इतकी शांतता थंडोबाने कधी ऐकली नव्हती.

तो शेजारी पिंपाच्या खोलीत धावला. तापमानाचा आकडा चढत होता. लाल खूण केव्हाच मागे पडली होती. आपल्या दृष्टीने ती अजूनही भयानक थंडी, पण त्या चकतीच्या दृष्टीने वणवा. ह्या तापमानात एकही सूर तोलून धरता येत नाही. खूण ओलांडली की लाल बटण दाबून यंत्र थांबवायचं, हा नियम त्यानेच लिहिला होता आणि यंत्र आल्यापासून एकदाही मोडला नव्हता.

त्याने खाली फोन लावला. पियानो फिसकटला असेल, ताई तोंडावर हात घेऊन बसली असेल, असं त्याने धरूनच चाललं होतं.

‘‘काय केलंत तुम्ही वर?’’ गणिती कुजबुजत होता, पण आवाजात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. ‘‘यंत्राच्या चुका शून्यावर आल्यात. शून्यावर! दोन वर्षांत असं पाहिलं नाही मी.’’

‘‘काहीच केलं नाही,’’ थंडोबा म्हणाला. अगदी खरं होतं ते. ‘‘साठवलेलं वाजत नाही ना?’’

‘‘छे हो. आत्ताच येतंय सगळं. तुमच्याकडूनच येतंय.’’

फोनमधून तिसरी रचना सुरू झाल्याचं ऐकू आलं. पियानोच्या आधी ठोका. ठक्-हुस्स, ठक्-हुस्स.

थंडोबाने भिंतीपलीकडे कान दिला. कॉम्प्रेसर बंदच होता.

त्याने फोन खाली ठेवला. ठोका आता खोलीतून येत होता.

त्याने पिंपावर तळवा टेकला. पिंप कोमट होता. उन्हाने तापतं तसा नाही. अंगाला अंग लागावं तसा.

आत ठोके पडत होते. त्याने घड्याळ लावलं. एकशे आठ.

तो पद्धतशीर माणूस होता. त्याने दुसऱ्या हाताने स्वतःची नाडी मोजली. ब्याण्णव. म्हणजे आपले नव्हेत.

लाल बटण हाताशी होतं. त्याने बोट ठेवलं.

मग खालून, तीन मजले चढून, ते सूर आले. एवढे मोकळे, एवढे आनंदाने भरलेले सूर ताईच्या दोन्ही पेट्यांत मिळून नसतील. ती आयुष्यभर हेच लिहू पाहत होती, हे त्या थंडोबालाही कळलं, ज्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नसे.

त्याने बोट उचललं. नियम गेला खड्ड्यात.

शेवटचा सूर मूळ जागी येऊन थांबला. त्यानंतर जे झालं त्याने तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीच्या काचा वाजल्या.

तो खाली पोचला तेव्हा दोनशेहून जास्त माणसं उभी होती, आणि पांढऱ्या केसांची ताई मधोमध, लहान मुलीसारखी रडत आणि हसत. संचालकबाईंनी तिथेच माइक हातात घेतला. यंत्र उघडायचं नाही, सोमवारचं रद्द. इथेच राहील, ताईंसाठी. थेट प्रसारण ऐकून आणखी तीन शहरांतून आत्ताच विचारणा आलीय. पुन्हा टाळ्या, शिट्ट्यासुद्धा.

‘‘थंडोबा!’’ ताईने गर्दीतून हात पुढे केला. ‘‘बघ, अजून कसं धडधडतंय. तो ठोका शेवटी पळायला लागला ना, तेव्हा मीही पळायला लागले. की मी आधी पळाले कोण जाणे. तूच वेग वाढवलास ना?’’

त्याने मनगट धरलं. नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. मिनिटभर त्याने सोडलंच नाही.

‘‘किती?’’

‘‘एकशे आठ,’’ तो म्हणाला. ‘‘पाणी पी.’’

साडेपाचला कोठाराची किल्ली आली. नवं कपलिंग बसवायला वीस मिनिटं लागली. खिडकीतून तिरपं ऊन आत येत होतं, खाली लोक अजून बोलत होते. थंडोबाने कॉम्प्रेसरच्या कळीवर हात ठेवला आणि जरा थांबला. मग दाबली. यंत्र धडधडलं, स्थिरावलं. शेजारच्या खोलीत जाऊन त्याने मोजले. चौऱ्याऐंशी. पिंपाला हात लावला. ना गार ना गरम. त्याच्या जिवात जीव आला.

जिन्यावर पावलं वाजली. ताई दारात उभी होती, हातात फुलं.

‘‘लिफ्टला गर्दी. म्हटलं, चालतच जाऊन ह्याचे आभार मानावेत.’’ तिने पिंपाला कान लावला आणि समाधानाने डोळे मिटले. ‘‘आणि एक गंमत बघ. तीन जिने चढले, धाप म्हणून नाही. गेल्या दहा मिनिटांत एकदम इतकं बरं वाटायला लागलंय ना! वीस वर्षांची झाल्यासारखं.’’

‘‘हात दे,’’ थंडोबा म्हणाला.

‘‘पुन्हा? डॉक्टर झालास की काय!’’ पण तिने दिला.

त्याने एक मिनिट मोजलं. मग आणखी एक. मध्ये ती हसली, बोलली, फुलं एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. आकडा चौऱ्याऐंशीवरून हलला नाही. पिंपाच्या माथ्यावर ठक् आणि बोटांखाली ठक्, दोन्ही एकदम पडत होते. तिचा हात गार नव्हता, गरमही नव्हता. टेबलाला हात लावल्यासारखा होता.

‘‘चल ना खाली, सगळे थांबलेत,’’ ती म्हणाली. ‘‘आज तुझाही दिवस आहे रे. चालू ठेवलंस बघ, शब्द पाळलास.’’

‘‘हो पुढे. आलोच.’’

ती गुणगुणत जिना उतरली, दोन-दोन पायऱ्या एकदम. खाली तिला पाहून पुन्हा टाळ्या सुरू झाल्या. थंडोबाने हत्यारं गोळा केली, दिवा मालवला आणि कॉम्प्रेसरच्या खोलीचं दार ओढून घेतलं. दारावर कार्ड होतं. यंत्र सोमवारी जाणारच होतं, म्हणून आज दुपारपर्यंत त्याचा काही उपयोग उरलेला नव्हता. पुढची तारीख आता दीड महिन्यावर होती, आणि तिच्याखाली त्याच्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: पूर्ण बंद, दोन दिवस.