सात नंबरचा थांबा

शुक्रवार, २९ नोव्हेंबर २०२४. तारीख लक्षात ठेवा. अमावस्या लागलेली नव्हती, तेव्हा मागाहून कोणाला सांगताना अमावस्येचा मसाला घालू नका. मी बौद्ध घरातली बाई. अंगारे-धुपारे, भूतखेत मी उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही. पण हे माझ्या पाठच्या भावाच्या बाबतीत घडलंय. पटलं तर ऐका, नाहीतर गच्चीवरून खाली जा आणि झोपा.

भाऊ म्हणजे भगवान. आम्ही मूळचे चामटोलीचे, आता राहतो बदलापुरात. त्याची नोकरी पोस्टमनची, सगळी हयात उल्हासनगरच्या कॅम्पात गेली. रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती, गुडघे त्याच्याही आधी रिटायर झाले होते. त्याची मुलगी यशोधरा कॉलेजात इतिहास शिकवते. तिच्या मनात आलं, लोकांनी गाईड न घेता एक कागद हातात धरून आपलं आपण हिंडावं. अंबरनाथच्या शिवमंदिरापासून उल्हासनगरच्या बॅरेकींपर्यंत. "इथं बघायला आहे काय?" म्हणणाऱ्यांची मला आधीच चीड. मी म्हटलं, कर पोरी.

रस्ते भगवानला पाठ, म्हणून कागद त्याने लिहिला. शुद्धलेखन मी तपासलं. हसू नका! शाळेची पायरी चढले नाही, वाचायला घरीच शिकले, पण त्याच्या सतरा चुका मी काढल्या. थांबे सात. पहिला मंदिर, तिथं पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जायचं. मग वालधुनी नदीचा काठ, मग लढाईच्या काळातल्या लष्करी बॅरेकी, ज्यांच्यात फाळणीनंतर सिंधी माणसं येऊन राहिली. असं करत सहावा थांबा सिंध्यांचा जुना टिकाणा, म्हणजे त्यांचं देऊळ. आणि सातव्यापुढे एवढंच लिहिलेलं: बॅरेक १२६३.

"पप्पा, सातला काय बघायचं?" यशोधरा म्हणाली. "ती बॅरेक कधीच पाडली. बिल्डिंग झालीय तिथं."

"काही नाही बघायचं. वाट तिथपर्यंत जाते."

उल्हासनगरात हे असंच आहे. बॅरेक जाते, पत्ता जात नाही. तिने वाद घातला नाही. रविवारी ती वीस पोरं घेऊन जाणार होती. शुक्रवारी भगवान म्हणाला, "अक्का, एकदा चालून वेळ मोजून येतो."

"रिक्षा कर. गुडघे बघ तुझे."

"चालायचा कागद आहे. रिक्षाने मोजतात होय?"

चार वाजता तो मंदिरापासून निघाला. रात्री साडेदहाला घरी आला तेव्हा अंगात ताप होता. त्याने जे सांगितलं त्यातलं अर्धं चाळीस वर्षं कोणाला माहीत नव्हतं. बायकोलाही नाही. ते आधी सांगते.

नोकरीचं पहिलं वर्ष, १९८४. बॅरेक १२६३ मध्ये लाजवंती नावाची सिंधी म्हातारी एकटी राहायची. मुलगा परदेशात गेलेला. भगवान दिसला की ती दारात यायची, चौकटीला एक हात लावून विचारायची, "पोस्टमॅन, है क्या?" पत्र नसलं तरी पितळी पेल्यात पाणी द्यायची, पेल्यावर झाकणासारखा भाजलेला पापड. सिंध्यांची ती रीतच आहे, उन्हातून आलेल्याला पापड-पाणी. पण चामटोलीत आमच्या आईच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, हो. या बाईने आमच्या भावाच्या हातात पेला दिला. घोट संपेपर्यंत समोर उभी राहिली.

मे महिन्यात एका दुपारी तिचं पत्र आलं. परदेशी तिकीट. पिशवीतलं शेवटचं. भगवान टिकाण्यापर्यंत आला, पायाला फोड, डोकं भणभणलेलं. पुढे दहा मिनिटांची वाट. तो गेला नाही. तिथंच कट्ट्यावर बसून पाकिटावर लिहिलं, "या पत्त्यावर राहत नाही." पत्र परत गेलं.

पुन्हा आलंच नाही.

ती दोन वर्षं विचारत राहिली. हा "नाही अम्मा" म्हणत राहिला, आणि पाणी पीत राहिला. मग ती गेली.

म्हणून सात नंबर. कळलं?

तर त्या शुक्रवारी टिकाण्यापाशी पोचायला त्याला साडेसात झाले. पाय सुजलेले. त्याच कट्ट्यावर तो बसला. समोर जीन्सच्या कारखान्यातली माणसं सुटून घरी चाललेली, वडापाववाल्याकडे गर्दी. भुताबिताचं वातावरण मुळीच नव्हतं. त्याला एवढंच वाटलं, पुरे. वेळ अंदाजाने लिहू. दहा मिनिटं.

पेन काढलं. कागदावर टेकवलं.

आणि नाही लिहिलं. उठला.

गल्लीत वळल्यावर आवाज मागे राहिले. आधी वडापाववाल्याचा. मग गाड्यांचा. मग स्वतःच्या चपलांचाही येईना... त्याने पाय आपटून बघितला. नाही आला.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. गल्ली संपत नव्हती. चाळीस वर्षं पायाखालची गल्ली... थकवा असा, की कोणीतरी पाठीवर भरलेली पिशवी ठेवली आहे. जुनी. पट्टा खांद्यात रुतणारी. त्याने खांद्याला हात लावला.

काही नव्हतं.

मग बिल्डिंग आली. सात मजली, नवीन, एकही दिवा नाही. खाली पार्किंगचे खांब. खांबांच्या मध्ये...

एक हात.

वर उचललेला. हवेत टेकवलेला. जिथं पूर्वी चौकट होती, तिथं.

बाकीची ती मग दिसली.

भगवान म्हणाला, अक्का, ती दमलेली होती गं. माझ्यापेक्षा जास्त. चाळीस वर्षं उभी...

"पोस्टमॅन."

त्याने खिसे चाचपले.

"है क्या?"

त्याच्या हातात फक्त तो कागद होता. सात थांब्यांचा, माझ्या सतरा दुरुस्त्यांचा. त्याने तो पुढे केला.  म्हणाला.

"है, अम्मा."

कागद हातातून गेला.

मग चपलांचा आवाज आला. त्याच्याच. तो पळत होता.

मी काय केलं असेल? झापलं. भुतासाठी नाही, पत्रासाठी. "दहा मिनिटं, भगवान! आईच्या ओंजळीची आठवण नाही आली?" तो भिंतीकडे तोंड करून रडला. मग झोपला. गाढ. गेल्या कित्येक वर्षांत तो असा झोपला नव्हता, हे त्याच्या बायकोने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी एकटी तिथं गेले. म्हटलं, कागद पडला असेल, उचलून आणते, म्हणजे याचं भूत उतरेल.

गेटवर हिरामण नावाचा वॉचमन. "आजी, आत कोणी राहत नाही. पझेशन नाही दिलं अजून. गॅस नाही, नळाला पाणी नाही."

"रात्री कोणी आलं होतं?"

"एक म्हातारा आला. उभा राहिला, पळाला. नंतर कोणी नाही. मी इथंच होतो, गेट बंद."

मी खांबांमध्ये गेले. कागद नव्हता. सगळीकडे शोधला.

खांबाच्या बुडाशी पितळी पेला होता. पाण्याने काठोकाठ भरलेला. वर पापड ठेवलेला.

मी वाकले. पापडाला बोट लावलं.

गरम होता.