गवताच्या पात्यावरची हाक

मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलंय. पुरावा नसेल तर मी सहसा बोलत नाही. या गोष्टीला पुरावा नाही, तरीही लिहितेय. कारण दोन्ही संध्याकाळी मी तिथे होते. शुद्धीवर होते, आणि डोळे उघडे होते.

सिंगापूर, बुकित पंजांग. सप्टेंबर २००७.

आणि हे रात्री घडलेलं नाही. जे झालं ते दिवेलागणीला, नाहीतर पहाटे झालं.

त्या वर्षी मी एका लॅबमध्ये रिसर्च असिस्टंट म्हणून आले होते. राहत होते मामेबहिणीकडे, अदितीकडे. अदिती, तिचा नवरा विवेक आणि त्यांची सहा वर्षांची श्रिया. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. खाली पार्कची पट्टी, तिला लागून जंगलाचा एक चिंचोळा तुकडा, मग एक्स्प्रेसवे. खरं राखीव जंगल एक्स्प्रेसवेच्या पलीकडे.

तेव्हा नागपूरहून निशिकांतमामा आले होते. अदितीचे वडील. त्यांचं लहानपण चंद्रपूरकडे गेलं. बहात्तर साली शिकारीवर बंदी आली, त्याआधी ते काकांबरोबर रीतसर परवान्यावर शिकारीला जायचे. बंदीनंतर बंदुकीला हात लावला नाही, पण गोष्टी संपल्या नव्हत्या.

विवेक त्यांना चिडवायचा. म्हणायचा, बाबा, इथे शिकारीला एकच प्राणी, डास. आणि त्याच्यासाठीसुद्धा घर तपासायला सरकारी माणूस येतो.

मामांच्या गोष्टींमध्ये माझं लक्ष एका हाकेवर गेलं.

गवताचं रुंद पातं दोन अंगठ्यांमध्ये ताणून धरायचं आणि फुंकायचं. संकटात सापडलेलं पाडस ओरडतं तसा आवाज येतो. काकांनी या एका हाकेवर चितळंही मारली होती आणि बिबटही.

एकदा करवंदीच्या जाळीमागे बसून काकांनी हाक दिली. चितळाची मादी धावत आली. सरळ, कान पुढे टाकून. मामा अठरा वर्षांचे, बंदूक त्यांच्या हातात. पण पाडसाची आई मारायची नाही, हा काकांचा नियम. काका उठून उभे राहिले. मादीने माणूस पाहिला आणि ती जंगलात नाहीशी झाली.

मामा चिडले. काका म्हणाले, बोलावलंस आणि मारायचं नसेल, तर उठून तोंड दाखवायचं. ज्याने हाक मारली त्यानेच. नाहीतर आलेलं जनावर शोधत राहतं.

मला हे शास्त्रीयदृष्ट्याही पटलं. मी म्हटलं, मामा, एकदा करून दाखवा.

शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघं खाली उतरलो. मामा, मी आणि श्रिया. पार्क ओलांडून झाडीतल्या पायवाटेने थोडं आत गेलो. उंच गवताच्या मागे उकिडवे बसलो. मामांनी निवडून एक पातं तोडलं आणि फुंकलं.

नुसती हवा गेली.

कवळी बसवल्यापासून जमत नाही, असं ते पुटपुटले. श्रिया हसली. तिथल्या मुलांसारखी ती इंग्रजी वाक्याला शेवटी ‘ला’ जोडायची.

"आजोबा, यू कॅनॉट ला. गिव्ह मी."

तिने पातं धरलं. फुंकलं.

मी पुण्यात असताना एकदा तारेत अडकलेल्या पाडसाचं ओरडणं ऐकलं होतं. तोच आवाज. तसाच कापरा. तसाच शेवटी चिरकणारा.

श्रियाने तीन-चारदा हाक दिली.

आणि मग… रातकिडे थांबले.

सिंगापुरात दिवेलागणीला रातकिडे इतके ओरडतात की बोललेलं ऐकू येत नाही. ते सगळे एकदम थांबले. फक्त एक्स्प्रेसवेवरच्या गाड्या ऐकू येत होत्या.

समोरचं गवत हललं.

वारा नव्हता.

गवत एका रेषेत वाकत होतं. आमच्याकडे. थांबत… पुन्हा वाकत…

तेवढ्यात श्रिया किंचाळली. तिच्या पायावर लाल मुंग्या चढल्या होत्या. मामांनी बसल्या बसल्याच तिला उचलून छातीशी धरलं, आणि आम्ही भराभर बाहेर आलो.

घोरपड असेल, मी म्हटलं. इथे दुसरं मोठं काही नाही. सांबरं आहेत ती मोजकी, तीही एक्स्प्रेसवेच्या पलीकडे. वाघ संपून सत्तर वर्षं झाली.

लिफ्टपर्यंत मामांनी दोनदा मागे वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी श्रिया सापडेना.

दार आतून बंद होतं. अदितीने सगळा फ्लॅट पालथा घातला. शेवटी मला ती दिसली. हॉलच्या पडद्यामागे. फरशीवर पालथी, हातपाय पोटाखाली घेतलेले, हनुवटी जमिनीला टेकलेली.

डोळे उघडे.

मी नाव घेतलं, तरी पापणीसुद्धा हलली नाही. बाहेर पूर्ण अंधार पडल्यावर ती आपोआप उठली आणि जेवायला मागू लागली.

अदितीला वाटलं, खेळतेय. सोमवारी पहाटे ती कपाटात सापडली, तशीच. संध्याकाळी पलंगाखाली. मंगळवारी पुन्हा.

का लपतेस, असं मी तिला दुपारी विचारलं. दुपारी ती अगदी नेहमीसारखी असायची. चित्राला रंग देता देता ती म्हणाली, "इफ आय डोन्ट मूव्ह, नथिंग हॅपन्स."

"कोणी सांगितलं?"

तिने खांदे उडवले. "आय जस्ट नो ला."

विवेकने रजा काढून तिला डॉक्टरांकडे नेलं. डोळे, कान, रक्त, सगळं ठीक. डॉक्टरांनी विचारलं, शाळेत काही त्रास आहे का?

पण मला एक गोष्ट माहीत होती, आणि ती मी अजून कोणाला सांगितली नव्हती. हरणाचं पाडस धोक्याची चाहूल लागली की पळत नाही. जमिनीला चिकटून पडतं आणि हलत नाही. त्याच्या हृदयाचे ठोके एकदम मंदावतात. ते ठरवून करत नाही, शरीरच करतं.

बुधवारी संध्याकाळी श्रिया स्वयंपाकघरात ओट्याखाली पडली होती. मी तिचं मनगट धरलं. सहा वर्षांच्या मुलीची नाडी नव्वदच्या आसपास हवी. मी पुन्हा मोजली.

अर्ध्याहून कमी.

आणि त्याच वेळी बाहेर कॉरिडॉरमध्ये आवाज आला.

टक…

…टक.

शेजारचे चिनी अंकल आपल्या गाणाऱ्या पक्ष्याचा पिंजरा कॉरिडॉरमध्ये टांगतात. तो पक्षी संध्याकाळी हमखास गायचा. आता गप्प होता.

टक… टक…

सावकाश. सिमेंटवर काहीतरी कठीण टेकत होतं. आमच्या दाराशी थांबलं.

मामा उठले आणि त्यांनी दार उघडलं.

कॉरिडॉर रिकामा. या टोकापासून त्या टोकापर्यंत ट्यूबलाइट चालू. पिंजऱ्यातला पक्षी तळाशी अंग चोरून बसला होता. आणि वास होता… चिरडलेल्या ओल्या गवताचा. चौथ्या मजल्यावर.

मामांनी दार लावलं आणि तिथेच खाली बसले.

"ती उभी राहिली नाही," ते म्हणाले. "मी उचलली तिला. हाक तिची होती, आणि ती उभीच राहिली नाही."

अदितीने विचारलं, कोण उभं राहिलं नाही? मामांनी सगळं सांगितलं. त्यांचं म्हणणं होतं, श्रियाला पुन्हा तिथे न्यायचं, हाक द्यायला लावायची आणि उभी करायची.

अदिती एरवी वडिलांसमोर आवाज चढवत नाही.

"बाबा, तुमच्या गोष्टी तुमच्यापाशी. माझी मुलगी आजारी आहे आणि तुम्ही तिला त्या झाडीत न्यायचं म्हणता? तुमचं उद्याचं तिकीट काढते मी."

विवेक म्हणाला, शुक्रवारी स्पेशालिस्टची वेळ मिळालीय, तोवर काही नको.

गुरुवारी पहाटे अदितीने मला हाक मारली. श्रिया बाथरूममध्ये होती, वॉशिंग मशीनच्या मागे. ओठ निळसर. मी गालाशी हात धरला तर श्वास लागत नव्हता. नाडी लागली, पण दोन ठोक्यांमध्ये इतका वेळ जात होता की दर वेळी वाटायचं, हा शेवटचा.

विवेक अँब्युलन्सला फोन करत होता. बाहेर उजाडलं. श्रियाने एकदम मोठा श्वास घेतला आणि आईकडे पाहून हसली. हॉस्पिटलमध्ये पुन्हा सगळं ठीक निघालं. दुपारी घरी पाठवलं.

साडेसहाला अदितीने श्रियाच्या पायात बूट घातले. मामांकडे न बघता म्हणाली, "चला. पण मीही येणार. आणि तिचा हात मी सोडणार नाही."

विवेकने अडवलं नाही. आला मात्र नाही. म्हणाला, मी गाडी काढून पार्कच्या तोंडाशी थांबतो.

तीच पायवाट. तेच गवत. आमच्या पायांनी चेपलेली जागा अजून तशीच होती.

तिच्या बाजूला आणखी एक जागा होती, आमच्याहून मोठी. कोणीतरी बराच वेळ बसून राहिल्यासारखी. गवत अजून वर आलं नव्हतं.

मामांनी दबक्या आवाजात आम्हाला समजावलं. श्रिया हाक देईल. ते येईल. मामांनी ‘ऊठ’ म्हटलं की तिने उभं राहायचं. हरणीने माणूस पाहिला की ती पाय आपटते, ओरडते आणि पळते.

"ओरडली की संपलं," मामा म्हणाले. "मग ती परत येत नाही."

श्रियाने पातं ओठांशी धरलं.

पहिल्याच हाकेला रातकिडे थांबले.

गवत वाकायला लागलं. या वेळी सावकाश नाही. सरळ. अदितीने श्रियाचा हात इतका घट्ट धरला होता की तिची बोटं पांढरी पडली होती. गवत वाकत वाकत आलं आणि आमच्यापासून हातभर अंतरावर थांबलं.

तिथे काहीच नव्हतं.

वाकलेलं गवत दिसत होतं. गवत कशाखाली वाकलंय, ते दिसत नव्हतं.

"ऊठ, बाळा," मामा म्हणाले.

श्रिया उभी राहिली. छोटीशी, गुलाबी टी-शर्टातली. समोर बघत.

आम्ही ओरडण्याची वाट पाहत होतो.

काही नाही.

श्रियाच्या कपाळावरचे केस हलले. मागे गेले… पुन्हा पुढे आले. मागे… पुढे. वारा नव्हता. कोणीतरी अगदी जवळून श्वास घेत होतं.

मी मामांकडे पाहिलं. मला वाटत होतं ते सांगतील, आता होईल, थांबा. पण त्यांचा चेहरा बदलला होता. ओरडणं येणार नाही, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

"अदिती," ते म्हणाले, "तिला घे. पाठ फिरवू नकोस. मागे मागे चल."

आम्ही तसेच मागे सरकत आलो. गवत जागचं हललं नाही. आमच्या मागेही आलं नाही आणि परतही गेलं नाही. विवेकच्या गाडीचे दिवे दिसले, तेव्हा कुठे मागे रातकिडे सुरू झाले.

त्यानंतर श्रिया एकदाही लपली नाही.

नाडी व्यवस्थित. भूक व्यवस्थित. शेजारचा पक्षी गायला लागला. अदितीने शिरा केला, मामांची माफी मागितली, खूप रडली. विवेकने शुक्रवारची वेळ रद्द केली. सगळे सुटल्यासारखे हसत होते. मामा सोडून.

त्यांनी परतीची तारीख अलीकडे आणली. चांगी एअरपोर्टवर त्यांना सोडायला मी एकटीच गेले होते. चेक-इन झाल्यावर मी विचारलं, मामा, ती बरी झाली ना?

त्यांनी बोर्डिंग पास खिशात ठेवला. मग म्हणाले,

"आई असती तर ओरडली असती, अनू. खाणारं ओरडत नाही. ते बघून ठेवतं."

मी म्हटलं, असंही असेल की आई होती आणि तिने श्रियाला स्वीकारलं. म्हणून ओरडली नाही.

"असेल," मामा म्हणाले. "तू शिकलेली आहेस. तू म्हणतेस तर असेल."

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. झोपेतच.

अदिती आणि विवेक आता पाया लेबारजवळ राहतात. आसपास जंगल नाही, रस्ते आणि ऑफिसं आहेत. मी पुण्याला परत आलेय. मागच्या महिन्यात अदितीची मेल आली. खुशीत होती. लिहिलं होतं, श्रिया आता आठ वर्षांची झाली, कशालाच घाबरत नाही. उलट दिवे लागायच्या वेळेला रोज खाली जायचा हट्ट करते. कंपाउंडमध्ये एकटीच फेऱ्या मारते. मध्येच थांबते, बाजूला हात धरून ठेवते, मग पुन्हा चालायला लागते. कोणी सोबत असल्यासारखी. विवेक म्हणतो, इमॅजिनरी फ्रेंड असेल, या वयात असतात.

मी उत्तर लिहायला घेतलं आणि खोडलं. तीन वेळा.

पाडस मोठं झालं की लपणं सोडतं आणि आईबरोबर हिंडू लागतं. हे पुस्तकात आहे. मी स्वतः शिकलेय.

तेव्हा ती आईच असेल, असं मी रोज दिवेलागणीला स्वतःला सांगते. आई असली तरी ते बरं नाही, हे मला कळतं.

पण दुसऱ्यापेक्षा बरं.