चंद्रावरची जोडीदार

पाषाणराक्षस समोर उभा असतानाही आईची तलवार रिकाम्या हवेत का फिरते, हे ऋजुताला काही केल्या कळेना.

तिची आई चंद्रावरच्या तळावर खडकांचा अभ्यास करत होती. दर रविवारी दोघी संगणकावर 'धुक्याचा गड' खेळायच्या. या खेळात प्रत्येकाने दोन भूमिका निवडून आपलं पात्र घडवायचं. ऋजुताने दोघींसाठीही योद्धा आणि धनुर्धर हीच जोडी घेतली होती. सगळ्यांत वेगवान तीच जोडी होती ना! तरीही राक्षस दर वेळी दोघींना लोळवायचा. उद्यापासून कुटुंबांची स्पर्धा सुरू होणार होती आणि एकदा नाव नोंदवलं की भूमिका बदलता येणार नव्हत्या.

"आई, तुझं लक्षच नसतं!" ऋजुता चिडून म्हणाली. "मला नाही खेळायचं तुझ्याबरोबर."

पडद्यावर आई काही क्षण तशीच हसत राहिली. मग तिचा चेहरा उतरला. "अगं, मी तर लगेच वार केला होता," ती हळूच म्हणाली.

आजोबा शेजारीच वाचत बसले होते. आयुष्यभर त्यांनी रेडिओ दुर्बिणीवर काम केलं होतं. चष्मा काढत ते पडद्यावरच्या आईला म्हणाले, "मेधा, ऋजुताने टाळी वाजवली की तूही वाजव बरं. ऋजुता, वाजव."

ऋजुताने टाळी वाजवली. आईची टाळी यायला बराच वेळ लागला.

"बघा! उशीर!"

"तिने उशीर केला, की टाळीला उशीर झाला?" आजोबांनी विचारलं. "आपला संदेश रेडिओ लहरींवरून जातो. त्या प्रकाशाच्या वेगाने धावतात, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. आणि चंद्र आहे जवळजवळ पावणेचार लाखांवर."

"म्हणजे जायला सव्वा सेकंद?"

"आणि यायला?"

"तेवढाच. अडीच सेकंद!" ऋजुता थबकली. "पण मग आईला राक्षस दिसतो, तो..."

"सव्वा सेकंदापूर्वीचा. खेळ चालतो पृथ्वीवरच्या संगणकावर. आई त्या जुन्या चित्रावर वार करते आणि तो वार इथे पोहोचायला आणखी सव्वा सेकंद. तोवर राक्षस पुढे सरकलेला. याला म्हणतात संदेश-विलंब (संदेश पोहोचायला लागणारा वेळ). कितीही भारी यंत्र आणलंस तरी तो टळत नाही. प्रकाशाहून वेगाने काहीच जात नाही."

ऋजुताला एकदम कानकोंडं झालं. "आई, सॉरी गं," ती पुटपुटली.

"चालायचंच. आता भूमिका बदलूया का?" आईने विचारलं.

"तू वैद्य हो. लढायला नको."

"आणि तू जखमी झालीस तर? अडीच सेकंद औषधाची वाट बघणार?" आजोबा म्हणाले.

ऋजुता विचारात पडली. जे काम तत्क्षणी करायला हवं, ते तिच्याकडे असायला हवं. जे आधी करून ठेवता येतं, ते आईकडे. ती एकदम ताठ बसली. "मी योद्धा आणि वैद्य. आई मांत्रिक आणि सापळेवाली! मांत्रिकाचं कवच एकदा चढवलं की बराच वेळ टिकतं. आणि सापळा आधीच लावून ठेवायचा असतो."

"तो राक्षस मार बसला की नेहमी डावीकडच्या पुलावर पळतो," आई म्हणाली. "खडक बारकाईने निरखायची सवय आहे मला, त्याचीही वाट ओळखता येईल."

दुसऱ्या दिवशी स्पर्धेत आईने आधी ऋजुताला कवच चढवलं, मग पुलावर सापळा लावला. ऋजुताने राक्षसाला झुंजवत झुंजवत तिकडे रेटलं, मध्येच स्वतःच्या जखमेवर लेप लावला. राक्षसाचा पाय पुलावर पडला आणि तो धाडकन दरीत कोसळला. आजोबांनी तर खुर्चीतून उडीच मारली. पुढच्या फेरीत एका बाप-लेकाने दोघींना हरवलं, पण ऋजुताला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही.

"आजोबा, मंगळावरून खेळलं तर?"

"मंगळ जवळ असताना संदेश नुसता जायलाच तीन-चार मिनिटं. लांब गेला की वीसहून जास्त."

ऋजुता पडद्याकडे वळली. "आई, तू कधी मंगळावर गेलीस, तर आपण माळीण नावाची नवी भूमिका तयार करू. तू बिया पेरून झोपायला जायचं. मी इथे पाणी घालेन, राक्षस आलाच तर त्याला पळवेन."

"आणि मी उठेपर्यंत जंगल झालेलं असेल," आई म्हणाली. "त्यात आंब्याचं एक झाड नक्की लावूया हं!"